कोल्हापुरात जुन्या रॉक अँड रोलची लाइव्ह मैफल उभी करायची तर

कोल्हापूर जुन्या गाण्यांवर जीव टाकणारं गाव आहे. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन घ्या नाहीतर पेटाळ्यावरचं गडकरी सभागृह, शनिवार-रविवारी तिथं कुणी ना कुणी रफी, किशोर, आशाताई गात असतं. हल्ली यातले बरेच कार्यक्रम ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या वाद्यसंगीतावर, होतात. गाणारे मनापासून गातात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गझल किंवा भावगीत ट्रॅकवर निभावून जातं. पण पन्नास-साठच्या दशकातली ती उडत्या ठेक्याची, खुर्चीत बसल्याबसल्या टाच आपटायला लावणारी गाणी ट्रॅकवर घेतली की त्यांच्यातली धग जाते. या संगीताचा जीव ड्रमवाला आणि बेसवाला एकमेकांकडे बघत वाजवतात त्यात आहे. म्हणून माझा आग्रह एकच आहे, हाताने वाजवा. सहा-सात माणसं, दोन-तीन महिने आणि थोडी चिकाटी एवढ्यावर हे जमतं. मी स्वतः अशा बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. आम्ही जे शिकलो, आणि जिथं चुकलो, ते इथं क्रमानं मांडतो.

माणसं कुठं मिळतील

किमान जुळणी अशी: ड्रम, बेस, एक इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड, सॅक्सोफोन, एक गायक आणि एक गायिका. दुसरा गिटारवाला मिळाला तर सोन्याहून पिवळं. बडी हॉली आणि क्रिकेट्स यांनी १९५७च्या सुमारास दोन गिटार, बेस आणि ड्रम ही मांडणी रूढ केली आणि पुढे जगभरच्या बँडनी तीच उचलली.

गिटार आणि कीबोर्डवाले कॉलेजांतून सहज मिळतात. सॅक्सोफोन शोधायला मात्र वरातीच्या ब्रास बँडकडे जा. लग्नसराईत घोड्यापुढे तासन्‌तास वाजवणाऱ्या या लोकांचा दम आणि कान दोन्ही पक्के असतात. आमचे सॅक्सोफोनवाले काका असेच मिळाले. त्यांना नोटेशन वाचता येत नाही, पण कुठलाही पीस, म्हणजे गाण्यातला वाद्यांचा तुकडा, दोनदा ऐकला की तिसऱ्यांदा त्यांच्या वाद्यातून येतो. साइड ऱ्हिदमसाठी, म्हणजे बोंगो, तुंबा, खंजिरी यांसाठी, हलगी किंवा ताशा वाजवलेला पोरगा घ्या. त्याचं मनगट तयार असतं, त्याला फक्त हळू वाजवायला शिकवावं लागतं.

ड्रमबद्दल तडजोड करू नका. ऑर्केस्ट्रात सोय म्हणून सगळं ऑक्टोपॅडवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पॅडवर, वाजवायची सवय लागली आहे. या गाण्यांना खरा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, आणि खरी हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांची जोडी, हवी. पूर्ण सेट भाड्यानं परवडत नसेल तर बास ड्रम, स्नेअर, हाय-हॅट आणि एक राइड सिंबल एवढंच आणा, टॉम नसले तरी चालतील.

गाणी निवडताना

रॉक अँड रोल अमेरिकेत पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय कलाकारांच्या ऱ्हिदम अँड ब्लूजमधून घडलं. बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५४चं, चक बेरीचं ‘जॉनी बी गूड’ १९५८चं. आपल्याकडे ते किती लवकर पोचलं याचं मला अजून नवल वाटतं. १९५७च्या ‘आशा’ चित्रपटात सी. रामचंद्रांनी ‘ईना मीना डीका’ दिलं, किशोरकुमारच्या आणि आशा भोसलेंच्या आवाजात, दोन वेगळ्या रूपांत. सी. रामचंद्र ऊर्फ चितळकर म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा मराठी माणूस, आणि त्यांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेट यांच्यासारखा गोव्याचा ट्रम्पेटवादक. जॅझ अंगात मुरलेले हे गोवेकर वादक नसते तर हिंदी चित्रपटसंगीताला हा झुलता ठेका आलाच नसता. कार्यक्रमात त्यांचं नाव घ्या. पडद्यामागच्या या माणसांची नावं प्रेक्षकांना फारशी माहीत नसतात आणि ऐकली की बरं वाटतं.

दोन-अडीच तासांच्या कार्यक्रमाला १८ गाणी पुरतात. तयारी २२ गाण्यांची सुरू करा. चार गाणी तालमीत आपोआप गळतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमची वाटणी साधारण अशी असते: १२ हिंदी, ४ इंग्रजी, २ मराठी. मराठीत जयवंत कुलकर्णींनी गायलेलं, देवदत्त साबळे यांच्या चालीचं ‘ही चाल तुरुतुरु’ गिटारवर फार सुंदर बसतं, आणि त्या गाण्याला अख्खं सभागृह गायला लागतं.

‘गुमनाम’मधलं ‘जान पहचान हो’ हे १९६५चं, शंकर-जयकिशन आणि रफींचं गाणं प्रत्येक बँडला करावंसं वाटतं. जरूर करा, पण ते पहिल्या महिन्यात हातात घेऊ नका. त्याची गती सुरुवातीपासून शेवटपर्यंत जीवघेणी आहे, ड्रमवाल्याचा पाय आणि गिटारवाल्याचं मनगट दोन्ही भरून येतात. ‘तीसरी मंझिल’मधल्या ‘आजा आजा’त श्वासाचा खेळ आहे. गायिकेनं ते जागेवर उड्या मारत गाऊन बघावं. तसं जमलं तर स्टेजवर जमेल.

चित्रपटातली ही गाणी चाळीस-पन्नास वादकांनी वाजवलेली असतात, आपण सात जण. त्यामुळे प्रत्येक पीसमध्ये काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आधी ठरवा. बेसची ओळ आणि ठेका कधीच सोडायचा नाही. त्यानंतर पीसची एकच मुख्य ओळ धरायची, ती कुणी वाजवायची हे कागदावर लिहायचं. ब्रासचा भाग सॅक्सोफोन घेईल, व्हायोलिन आणि अ‍ॅकॉर्डियनचा कीबोर्ड. कीबोर्डवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: डावा हात खाली जायचा नाही. तिथं बेस आहे. दोघं एकाच जागेत शिरले की नुसता गढूळ आवाज होतो, आणि कुणाचंच ऐकू येत नाही.

ठेका: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

आपला हात केरव्यात तयार झालेला असतो, त्यामुळे वजन आपोआप समेवर पडतं. रॉक अँड रोलमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे स्नेअरवर असतं. हे डोक्याला लगेच कळतं, हाताला कळायला आठवडे लागतात. त्यासाठी एक युक्ती सांगतो. गाणं मिनिटाला १६० मात्रांच्या गतीत असेल तर मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या गतीनं टोले देणारं यंत्र, ८० वर लावा, आणि त्याचा प्रत्येक टोला पहिली मात्रा न समजता दुसरी आणि चौथी समजा. म्हणजे ‘एक’ तुमच्या मनात, टोला ‘दोन’वर. पहिल्या दिवशी सगळेच गडबडतात. रोज दहा मिनिटं बँडमधल्या प्रत्येकानं वाद्य बाजूला ठेवून नुसत्या टाळ्यांवर हे केलं की तिसऱ्या आठवड्यात अंग आपोआप हलायला लागतं.

दुसरी गोष्ट शफल, म्हणजे झुलता ठेका. एका मात्रेचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला रिकामा ठेवा. हलगीवाल्याला हे समजावत बसावं लागत नाही, त्याच्या हातात तीनाचा झोल असतोच. गंमत अशी की चक बेरीच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत ड्रम झुलत असतो आणि गिटार मात्र बरीचशी सरळ, समान तुकड्यांत चाललेली असते. या दोघांची जी घासाघीस होते त्यातून ती गाणी पुढे धावतात. म्हणून तुमचा गिटारवाला थोडा सरळ आणि ड्रमवाला थोडा झुलता वाजवत असेल तर लगेच दुरुस्त करू नका. रेकॉर्ड करून ऐका. कदाचित तीच खरी जागा असेल.

आता बारा बारची रचना. रॉक अँड रोलच्या इंग्रजी गाण्यांपैकी बरीच हिच्यावर उभी आहेत, आणि इंटरनेटवर ती इतकी अवघड करून सांगतात की नवे लोक घाबरतात. अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहिले आणि गायले, तिथल्या माणसाला ती तालाच्या भाषेत लगेच कळेल. एक बार म्हणजे चार मात्रा. बारा बार म्हणजे ४८ मात्रा, म्हणजेच त्रितालाची बरोबर तीन आवर्तनं. पहिलं आवर्तन सगळं षड्जाच्या कॉर्डवर, म्हणजे षड्जावर उभ्या केलेल्या सूरसमूहावर. दुसऱ्यात आधी ८ मात्रा मध्यमाची कॉर्ड, मग ८ मात्रा षड्ज. तिसऱ्यात ४ मात्रा पंचम, ४ मात्रा मध्यम आणि उरलेल्या ८ मात्रा परत षड्ज. सूर पांढरी सहा धरला तर कॉर्ड होतात ए, डी आणि ई. एवढं पाठ झालं की तुमच्याकडे एकाच बैठकीत पाच-सहा गाण्यांचा सांगाडा तयार असतो.

नवं गाणं नेहमी ११० च्या आसपास सुरू करा. तीनदा न अडखळता झालं की ५ नं वाढवा. मूळ गतीच्या १० नं अलीकडे थांबून एक आठवडा तिथंच राहा. स्टेजवर उत्साहानं गती आपोआप वाढते, ती जागा आधीच ठेवलेली बरी.

सूर आणि वाद्यांचा आवाज

सुरावरून बँडमध्ये हमखास वाद होतो. गिटारवाल्याला पांढरी तीन आणि पांढरी सहा सोयीची, कारण मोकळ्या तारा मिळतात. आल्टो सॅक्सोफोनवाल्याला नेमकी तीच जागा जड जाते, कारण त्याच्या वाद्यावर त्याच सुराला सहा-सात तीव्र स्वर येतात. काळी पाच घेतली तर त्याला एकच तीव्र स्वर लागतो. ‘जॉनी बी गूड’ मुळात काळी पाचमध्येच आहे. आमचा नियम असा की आधी गायकाचा गळा बघायचा, मग सॅक्सोफोन, आणि गिटारवाल्यानं कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) किंवा बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबून धरलेली कॉर्ड) वापरून जुळवून घ्यायचं.

घरी मूळ गाण्याबरोबर सराव करताना वाद्य थोडं बेसूर वाटलं तर गडबडू नका. जुन्या टेपची गती इकडेतिकडे झाल्यामुळे अनेक गाणी आजच्या ४४० हर्ट्‌झच्या सुरात बसत नाहीत, पाव सूर वर किंवा खाली असतात. मोबाइलवर पिच बदलायचं अ‍ॅप घ्या आणि गाणं सुरात आणा. वाद्य गाण्याच्या मागे नेऊ नका, दुसऱ्या दिवशी सगळा बँड वेगळ्या सुरात असेल.

जुना आवाज आणण्यासाठी महागड्या वस्तू लागत नाहीत. बेसला जुन्या पद्धतीच्या सपाट गुंडाळीच्या तारा लावा आणि ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजची पातळ पट्टी सरकवा. सूर लगेच विझतो, धप-धप असा गोल आवाज येतो. माझ्या मते संपूर्ण बँडचा आवाज साठ सालाकडे नेणारी ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. गिटारला डिस्टॉर्शन अगदी कमी, जेमतेम खरखर. आवाजाच्या इकोबाबत साउंडवाल्याला स्पष्ट सांगा. आपल्याकडे इको म्हणजे डोंगरात हाक मारल्यासारखी लांबण. एल्विसच्या मेम्फिसमधल्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर ऐकू येतो तो इको अगदी छोटा आहे: साधारण १०० ते १४० मिलिसेकंदाचा डिले, एकच पुनरावृत्ती, तीही हळू.

पावसाळ्यात कोल्हापूरची दमट हवा वाद्यांना फार त्रास देते. जून ते सप्टेंबर गिटार भिंतीला टांगू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. सॅक्सोफोनची पॅडं वाजवून झाल्यावर पुसलीच पाहिजेत. नव्या तारा कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी लावा. त्याच दिवशी लावल्या तर दर गाण्याला उतरतात.

तालमीची जागा

पेठेतल्या एखाद्या तालीम मंडळाचा हॉल विचारून बघा. गणपती आणि नवरात्र सोडून आठवड्यातले दोन-तीन दिवस बऱ्याचदा मोकळे असतात, आणि नीट सांगितलं तर मंडळाचे लोक मदतीला उभे राहतात. अशा हॉलमध्ये आवाज फार घुमतो. भिंतींवर आणि ड्रमच्या मागे घोंगडी टांगा. जाड लोकरीची खरी घोंगडी आवाज शोषून घेते, पातळ चादरीचा काही उपयोग होत नाही. तालीम आठवड्यातून दोनदा, दोन तास, त्यातला पहिला अर्धा तास फक्त ड्रम आणि बेस. बाकीच्यांनी तोवर गंगावेशीत जाऊन दूध पिऊन यावं.

सभागृह आणि परवानग्या

आमचा पहिला कार्यक्रम आम्ही हौसेनं मोकळ्या मैदानावर ठेवला. वाऱ्यानं आवाज उडत होता म्हणून साउंडवाला वाढवत गेला, शेवटी पुढच्या रांगेतले दोन ज्येष्ठ कानांवर हात ठेवून उठून गेले. ज्यांच्या तरुणपणाची ती गाणी होती तेच उठून गेले, हे मला आजही सलतं. तेव्हापासून आम्ही बंद सभागृहच घेतो. केशवराव भोसले नाट्यगृहात एकदा वाजवायचं हे आमचं स्वप्न होतं. शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाली, त्या रात्री सगळं गाव हळहळलं. शाहू स्मारक आणि गडकरी सभागृह अशा मैफलीला योग्य आकाराचे आहेत. तारीख किमान दोन महिने आधी धरा, आणि परीक्षांचे दिवस व लग्नाचे दाट मुहूर्त टाळा.

लाऊडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर वाजवता येत नाही. बंद सभागृहाला आतल्या आत सूट आहे, पण रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे, त्यामुळे दारं-खिडक्या बंद हव्यात. साडेपाचला सुरू करून सव्वाआठला संपवलं तर रात्रीच्या बंदीचा प्रश्नच येत नाही, आणि सत्तरीतल्या प्रेक्षकांनाही तीच वेळ सोयीची.

दुसऱ्याची गाणी लोकांसमोर सादर करताना आयपीआरएसचा, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना घ्या. संस्था १९६९ पासूनची आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. कार्यक्रम मोफत आहे म्हणून परवाना लागत नाही असं गृहीत धरू नका. या पैशातून गीतकार-संगीतकारांना किंवा त्यांच्या वारसांना वाटा जातो. ज्यांच्या चालींवर आपण संध्याकाळ साजरी करतो त्यांचं देणं देऊनच स्टेजवर चढावं.

कार्यक्रमाचा दिवस

चार तास आधी पोचा. सगळ्यात आधी वीज तपासा. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दुरुस्त होईपर्यंत एकही प्लग लावू नका. गिटार हातात धरून माइकला ओठ लागला आणि झटका बसला असं अनेक वादकांनी अनुभवलं आहे, हा जिवाशी खेळ आहे. गुणगुण येत असेल तर सगळे अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. लाइटिंगचा बोर्ड वेगळा ठेवा.

साउंड चेकचा क्रम: बास ड्रम, स्नेअर, बेस, मग हे तिन्ही एकत्र. इथं दहा मिनिटं थांबा. एवढ्यावरच पाय हलायला लागला तर पुढचं सगळं सोपं. त्यानंतर गिटार, कीबोर्ड, सॅक्सोफोन आणि शेवटी गळे. सभागृहाच्या मध्यावर मोबाइलच्या डेसिबल अ‍ॅपनं मोजा, सरासरी ८५ ते ९० च्या वर जाऊ देऊ नका. ८५ डेसिबल कानाला आठ तास सोसतं असं मानतात, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ९४ ला एकच तास उरतो. जेवढं हळू वाजवाल तेवढा सॅक्सोफोनमधला श्वास ऐकू जाईल.

पुढच्या दोन रांगा काढून टाका आणि तिथं नाचायला जागा ठेवा. फरशी घसरडी असेल तर सतरंजी टाकू नका, पाय अडकतो. बाजूला पाठ टेकायच्या खुर्च्या ठेवा, म्हणजे दमलेल्यांना लगेच बसता येईल. लोक आपणहून उठत नाहीत, कोल्हापूरकर बाहेरून रांगडा असला तरी नाचायला लाजतो. बँडमधल्याच कुणाचे आई-वडील तयार असतील तर तिसऱ्या गाण्याला त्यांना उठवा. आमच्या एका कार्यक्रमात निवृत्त एसटी चालक असलेले एक आजोबा बायकोचा हात धरून पुढे आले, आणि पाच मिनिटांत तिथं पाय ठेवायला जागा उरली नाही. मागून कुणीतरी ‘नाद खुळा!’ म्हणून ओरडलं, आणि आमच्या ड्रमवाल्यानं पुढचा अंतरा आणखी एकदा फिरवला.

गाण्यांचा क्रम लावताना पहिलं गाणं मध्यम गतीचं आणि पक्कं बसलेलं घ्या. सलग तीन वेगवान गाणी झाली की एक संथ, नाहीतर नाचणारेही दमतात आणि ड्रमवालाही. सगळ्यात अवघड गाणं मध्यंतरानंतर दुसरं. निवेदन एका मिनिटाच्या आत आटोपा: गाणं कुठलं, साल कोणतं, आणि त्यातलं कुठलं वाद्य ऐकायचं. ‘आता या पीसमध्ये सॅक्सोफोन ऐका’ एवढं सांगितलं तरी लोक वेगळ्या कानानं ऐकतात. वन्स मोअर आला तर पूर्ण गाणं परत घेऊ नका, शेवटचा अंतरा आणि मुखडा पुरे. त्यासाठीची खूण आधी ठरलेली हवी. आमच्याकडे मी बेसची मान वर उचलतो.

मिक्सरवरून सरळ रेकॉर्डिंग घ्या, शिवाय सभागृहाच्या मध्यावर एक मोबाइल ठेवा. मिक्सरवर चुका कळतात, मोबाइलवर प्रेक्षकांनी काय ऐकलं ते कळतं. वादकांचं मानधन त्याच रात्री, वायरी गुंडाळायच्या आधी हातात द्या. दोन दिवसांनी सगळ्यांनी एकत्र बसून दोन्ही रेकॉर्डिंग ऐका आणि कुठल्या गाण्यात गती पळाली ते लिहून काढा. पुढच्या तालमीची सुरुवात त्या गाण्यानं, मेट्रोनोम ११० वर लावून.